चार यानांच्या नोंदींवरून अवकाशातली चुंबकी रचना कशी उलगडायची

यानावरच्या चुंबकमापीने अर्ध्या सेकंदात क्षेत्र ४० नॅनोटेस्लावरून १५ वर आल्याचं दाखवलं, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर त्या जागचं क्षेत्र खरोखर ओसरलं, नाहीतर एखादी रचना यानावरून सरकून गेली. एकट्या यानाच्या आलेखात या दोन गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. दुसरं यान असलं की दोघांना जोडणाऱ्या रेषेवरचा बदल वेगळा काढता येतो, तिसऱ्यामुळे एका प्रतलातला. चौथं यान त्या प्रतलाबाहेर असेल तरच तिन्ही दिशांचा ग्रेडियंट, म्हणजे अंतरागणिक क्षेत्र किती बदलतं ते, मिळतो. अवकाशातल्या प्लाझ्माच्या, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभारित वायूच्या, अभ्यासात चार यानांच्या मोहिमा आल्या त्या यासाठी.

नागपूर विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, व्हीएनआयटी किंवा शासकीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. सदिश कलन आणि थोडं पायथॉन येत असलं की पुरे. डेटा फुकट मिळतो आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप या कामाला भागतो. प्रकल्प अडतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळे: आधी डेटा उतरवला जातो, मग आलेख निघतात आणि प्रश्न शेवटी सुचतो.

कोणत्या यानांचा डेटा घ्यायचा

युरोपीय अवकाश संस्थेच्या क्लस्टर मोहिमेची पहिली चार यानं ४ जून १९९६ रोजी एरियान-५ च्या पहिल्याच उड्डाणात नष्ट झाली. नव्याने बांधलेली चार २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये बायकोनूरहून सोडली गेली आणि दोन दशकांहून अधिक काळ चालली. त्यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा शेकडो ते हजारो किलोमीटर असे. त्यामुळे बो शॉक (सौरवारा पृथ्वीच्या चुंबकी आवरणासमोर अचानक मंदावतो ती सीमा), मॅग्नेटोशीथ (त्या सीमेच्या आतला मंदावलेल्या सौरवाऱ्याचा थर) आणि त्या आवरणाच्या रात्रीकडच्या पुच्छातल्या मोठ्या रचनांसाठी क्लस्टरचा संग्रह आजही सोन्यासारखा आहे.

नासाची एमएमएस ही चार यानं मार्च २०१५ मध्ये गेली. सुरुवातीच्या टप्प्यात त्यांच्यातलं अंतर १० किलोमीटरपर्यंत आणलं होतं. सीताबर्डीहून विमानतळ जितका लांब आहे, जवळपास तेवढंच. इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचं रिकनेक्शन, म्हणजे क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळणं, पकडायचं तर इतकं जवळ यावंच लागतं. पहिल्या प्रकल्पासाठी एमएमएसच घ्या. चुंबकमापी आणि कणमापी दोन्ही दमदार असल्याने एका पद्धतीचा ताळा दुसरीने करता येतो, आणि या कामाचा सगळा जीव ताळ्यात आहे.

नासाच्याच थेमिस मोहिमेची पाच यानं २००७ ची. त्यातली दोन पुढे चंद्राकडे वळवली गेली. उरलेल्या तिघांवरून पूर्ण ग्रेडियंट निघत नाही, पण मॅग्नेटोपॉजची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकी आवरणाच्या बाहेरच्या सीमेची, हालचाल चांगली कळते. आदित्य-एल१ वरचा चुंबकमापी ६ मीटरच्या दांड्यावर ३ आणि ६ मीटरवर बसवलेल्या दोन संवेदकांचा आहे. पृथ्वीकडे येणाऱ्या सौरवाऱ्यात काय चाललं होतं हे सांगायला तो उपयोगी, मात्र पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचं ते एकच ठिकाण आहे. त्याला एमएमएसच्या चौकडीतला पाचवा भिडू धरू नका.

आधी लांब्या काढा

डेटाला हात लावण्याआधी कागदावर तीन लांब्या लिहा: रचनेचा अंदाजे आकार, यानांमधलं अंतर आणि प्लाझ्माची स्वतःची लांबी.

प्लाझ्माची लांबी काढायला दोन सूत्रं पाठ असलेली बरी. आयन-जडत्व लांबी (याहून लहान अंतरावर आयन क्षेत्राबरोबर चालत नाहीत) म्हणजे २२८ भागिले घनतेचं वर्गमूळ. घनता दर घन सेंटीमीटरला किती कण ते, उत्तर किलोमीटरमध्ये. घनता २० असेल तर सुमारे ५१ किलोमीटर, १० असेल तर ७२. इलेक्ट्रॉनांसाठी २२८ च्या जागी ५.३ घ्या, घनता १० ला उत्तर पावणेदोन किलोमीटरच्या आत येतं.

चार बिंदूंच्या सगळ्या पद्धती एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: यानांमधल्या जागेत क्षेत्र सरळ रेषेत बदलतं. रचना यानांमधल्या अंतराएवढीच किंवा त्याहून लहान असली की हे गृहीतक कोसळतं. ती फार मोठी असली तर चारही यानांना जवळजवळ एकच आकडा दिसतो आणि फरक कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मापीच्या जुळणीच्या, चुकीत बुडतो. यानांमधलं अंतर रचनेच्या जाडीच्या एक दशांश ते निम्मं असावं, हा आमचा ठोकताळा. ३०० किलोमीटरचा फ्लक्स रोप (क्षेत्ररेषा दोरीसारख्या पिळलेली रचना) आणि यानं ३० किलोमीटरवर, तर उत्तम. ३०० चाच रोप आणि यानं हजार किलोमीटरवर, तर चारपैकी एखाद्यालाच तो दिसेल. मग एका यानाच्या पद्धती वापरा आणि तसं स्पष्ट लिहा.

डेटा उतरवताना

पायथॉनमध्ये पायस्पेडास हे पॅकेज वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करून त्यात बसवा. एमएमएसच्या फायली ते स्वतः शोधून उतरवतं आणि कर्लोमीटर, किमान-विचरण (दोन्हींबद्दल पुढे येईलच) अशी तयार फंक्शनंही देतं. डेटाचं फोल्डर एकदाच ठरवून एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये नोंदवा, म्हणजे तीच फाइल दर वेळी नव्याने उतरणार नाही. कणांची पूर्ण वितरणं लागत नसतील तर मागवूच नका. ती अवाढव्य असतात. घनता, वेग, तापमान देणारे मोमेंट्स पुरतात. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी मोठी गणितं लावलीत तर तापलेला लॅपटॉप आपोआप मंदावेल. ती रात्रीवर ढकला.

सरावासाठी १६ ऑक्टोबर २०१५ हा दिवस घ्या. त्या दिवशी जागतिक वेळेनुसार १३:०७ ला एमएमएस मॅग्नेटोपॉजवरच्या इलेक्ट्रॉन विसरण क्षेत्रातून, म्हणजे रिकनेक्शनच्या गाभ्यातून, गेलं. त्याच्या दोन-तीन मिनिटं आधी, १३:०४:३४ च्या सुमारास, एक छोटा फ्लक्स रोपही नोंदला गेला आहे. यानं तेव्हा साधारण १० किलोमीटर अंतरावर होती. या दिवसावर भरपूर काम प्रसिद्ध झालेलं असल्याने आपलं उत्तर पडताळता येतं. नवी घटना शोधायची घाई नको.

फ्लक्सगेट चुंबकमापीचा डेटा दोन प्रकारांत मिळतो: सर्व्हे, सेकंदाला जास्तीत जास्त १६ नोंदी, आणि बर्स्ट, सेकंदाला १२८. बर्स्ट सगळ्या काळाचा नसतो, निवडलेल्या तुकड्यांचाच पृथ्वीवर उतरवला जातो. बर्स्टमध्ये इलेक्ट्रॉनांचे मोमेंट्स ३० मिलिसेकंदांनी आणि आयनांचे १५० मिलिसेकंदांनी मिळतात, एरवी दोन्ही साडेचार सेकंदांनी. १० किलोमीटरवरच्या यानांवरून ५० किलोमीटर प्रति सेकंदाने सीमा सरकली, तर जास्तीत जास्त वेळफरक ०.२ सेकंद. साडेचार सेकंदांच्या डेटात त्याचा मागमूसही राहत नाही.

इथे नेमके चार घोळ होतात.

पहिला घोळ चौथ्या स्तंभाचा. एमएमएसच्या चुंबकीय व्हेरिएबलमध्ये तीन घटकांनंतर एकूण क्षेत्राचा स्तंभही असतो. चारही स्तंभांच्या वर्गांची बेरीज करून परिमाण काढलं की उत्तर बरोबर १.४१ पट येतं. स्थानांच्या व्हेरिएबलमध्येही चौथा स्तंभ अंतराचाच आहे.

दुसरा घोळ भारतीय वेळेचा. पायथॉनची काही फंक्शनं संगणकाच्या घड्याळाप्रमाणे वेळ बदलून देतात. १३:०७ ची घटना आलेखावर १८:३७ ला दिसली तर डेटा बरोबर आहे, तुमचा आलेख भारतीय वेळेत निघाला आहे. सगळीकडे यूटीसी (जागतिक वेळ) सक्तीने लावा.

तिसरा घोळ लीप सेकंदांचा, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांचा. उतरवलेल्या सीडीएफ फायलींमधली वेळ पार्थिव कालमानात मोजलेली असते. ती स्वतः उलगडायला गेलात आणि लीप सेकंदांसकट दोन्ही कालमानांतला फरक विसरलात, तर २०१५ च्या ऑक्टोबरातली घटना ६८.१८४ सेकंदांनी सरकते. २०१७ पासूनची ६९.१८४ सेकंदांनी. प्रसिद्ध आलेखापेक्षा आपला आलेख मिनिटभराने पुढे-मागे दिसला की पहिला संशय यावरच घ्या.

चौथा, यानं एकाच क्षणी नमुने घेत नाहीत. चारही यानांचं क्षेत्र पहिल्या यानाच्या वेळांवर इंटरपोलेट करा. स्थानं ३० सेकंदांनी दिलेली असतात, तीही त्याच वेळांवर आणा. स्थानांसाठी साधं रेषीय इंटरपोलेशन चालतं. १२ पृथ्वी-त्रिज्यांवर त्यातली चूक काही मीटरची असते आणि चारही यानांसाठी जवळपास सारखीच असल्याने फरकात ती उडून जाते. क्षेत्र आणि स्थान एकाच निर्देशांक पद्धतीत आहेत ना, तेही पाहा. एक जीएसई आणि दुसरं जीएसएम (दोन्हींत एक्स सूर्याकडे, बाकीचे अक्ष वेगळे) असं झालं तर गणित कुठेही अडत नाही, उत्तर मात्र चुकतं.

चतुष्फलकाचा आकार

चार यानं मिळून एक चतुष्फलक बनतं. ती एका प्रतलात आली तर त्या प्रतलाला लंब दिशेचा ग्रेडियंट शून्याने भागल्यासारखा होतो. कक्षा अशा आखलेल्या असतात की अपेक्षित भागात चतुष्फलक सुबक असावं. पृथ्वीजवळ येताना ते ताणून जवळजवळ दोरीसारखं होतं.

तपासणी सोपी आहे. चारही स्थानांची सरासरी काढा, म्हणजे केंद्र मिळेल. प्रत्येक यानाचा केंद्रापासूनचा सदिश घ्या, त्याचा स्वतःशीच बाह्य गुणाकार करून तीन बाय तीनचं मॅट्रिक्स बनवा आणि चारही मॅट्रिक्सची सरासरी काढा. तिच्या आयगेन-मूल्यांची वर्गमुळं उतरत्या क्रमाने अ, ब, क धरा. लांबटपणा म्हणजे १ वजा ब भागिले अ. चपटेपणा म्हणजे १ वजा क भागिले ब. दोन्ही शून्य म्हणजे सुबक चतुष्फलक. दोन्ही ०.६ च्या खाली असतील तर निर्धास्त पुढे जा. ०.८ च्या वर गेलं तर नुसतं आकडे पाहून थांबू नका, सर्वांत लहान मूल्याचा आयगेन-सदिश कुठे वळलाय ते पाहा. तो सीमेच्या लंबाला समांतर असेल तर काम सोडून द्या. सीमेच्या प्रतलात असेल तर लंबाच्या दिशेचा ग्रेडियंट अजूनही वापरण्याजोगा असतो. पुष्कळजण चपटं दिसलं की घटनाच टाकून देतात. चांगल्या घटना अशा वाया जातात.

टायमिंग: सीमेची दिशा आणि वेग

यात एकच गृहीतक: सीमा सपाट आहे आणि चारही यानांवरून स्थिर वेगाने जाते. मग सीमेचा लंब भागिले वेग हा सदिश प्रत्येक यानाच्या सापेक्ष स्थानाशी बिंदूगुणाकाराने जोडला की त्या यानाचा वेळफरक मिळतो. तीन समीकरणं, तीन अज्ञात.

कल्पित आकडे घेऊन करून पाहू. पहिल्या यानापासून दुसरं (१०, ०, ०), तिसरं (५, ८.७, ०) आणि चौथं (५, २.९, ८.२) किलोमीटरवर आहे. सीमा पहिल्या यानाच्या तुलनेत दुसऱ्यावर ०.१८, तिसऱ्यावर ०.०५ आणि चौथ्यावर ०.१३ सेकंद आधी पोचली, म्हणून तिन्ही वेळफरक ऋण. पहिल्या समीकरणातून एक्स घटक −०.०१८, दुसऱ्यातून वाय ०.००४६, तिसऱ्यातून झेड −०.००६५. या सदिशाची लांबी ०.०१९७, तिचा व्यस्त म्हणजे वेग, सुमारे ५१ किलोमीटर प्रति सेकंद. लंब येतो (−०.९१, ०.२३, −०.३३). जीएसईमध्ये एक्स सूर्याकडे असतो, तेव्हा ही सीमा पृथ्वीकडे सरकते आहे. मॅग्नेटोपॉज असेल तर यानं आतून बाहेर मॅग्नेटोशीथमध्ये गेली असणार. घनता वाढलेली दिसते का पाहा. दिसली नाही तर वजा चिन्ह कुठेतरी चुकलं आहे.

चुकीचा अंदाज इथेच घ्या. बर्स्टमध्ये एका नमुन्याची चूक ८ मिलिसेकंद. एक्स घटकात ती ०.०००८, म्हणजे चार-पाच टक्के. सर्व्हेमध्ये एका नमुन्याची चूक ६२ मिलिसेकंद, म्हणजे तोच घटक एक तृतीयांशाने हलतो. बर्स्टचा आग्रह त्यासाठी.

वेळ कोणत्या बिंदूवर मोजायची? फक्त मधला बिंदू धरू नका. उडीच्या २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर वेगवेगळं मोजा, शिवाय क्रॉस-कोरिलेशननेही वेळफरक काढा. चारही उत्तरं १० अंशांत बसली तर सीमा खरोखर सपाट आहे. २५ आणि ७५ टक्क्यांच्या उत्तरांत मोठा फरक आला तर सीमेचा वेग बदलतोय, किंवा ती वाकलेली आहे, किंवा तिची जाडी जागोजागी वेगळी आहे. अहवालात अशा वेळी एकच आकडा छापून मोकळं होऊ नका, दोन्ही द्या. जाडी मात्र सरळ मिळते: सीमा ओलांडायला लागलेला वेळ गुणिले वेग. ०.९ सेकंद गुणिले ५१ म्हणजे ४६ किलोमीटर. घनता २० असेल तर साधारण एक आयन-जडत्व लांबी.

कर्लोमीटर: विद्युतप्रवाह

अँपिअरच्या नियमाने चुंबकीय क्षेत्राचा कर्ल म्हणजे प्रवाहघनता गुणिले म्यू-शून्य हा स्थिरांक. चार बिंदूंवरून क्षेत्राचे नऊही ग्रेडियंट काढले की कर्ल मिळाला. प्रत्येक यानासाठी एक व्यस्त सदिश असतो: पहिल्या यानासाठी दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे आणि दुसऱ्यापासून चौथ्याकडे जाणाऱ्या सदिशांचा क्रॉस गुणाकार, भागिले त्याच गुणाकाराचा दुसऱ्यापासून पहिल्याकडे जाणाऱ्या सदिशाशी बिंदूगुणाकार. बाकीच्यांसाठी क्रमांक फिरवा. व्यस्त सदिश आणि त्या यानाचं क्षेत्र यांच्या क्रॉस गुणाकारांची चार यानांवर बेरीज म्हणजे कर्ल. पायस्पेडासचं तयार फंक्शन आहेच, पण एकदा हाताने लिहून दोन्ही आकडे जुळवा. चार व्यस्त सदिशांची बेरीज शून्य यायला हवी. नसेल येत तर चूक त्या आधीच्या ओळीत आहे.

एककांसाठी एक आकडा लक्षात ठेवा: कर्ल नॅनोटेस्ला प्रति किलोमीटरमध्ये असेल तर ७९६ ने गुणा, उत्तर नॅनोअँपिअर प्रति चौरस मीटरमध्ये. यावरून चूक चटकन कळते. १० किलोमीटर अंतरावर ०.१ नॅनोटेस्लाची कॅलिब्रेशनची चूक म्हणजे सुमारे ८ नॅनोअँपिअर. मॅग्नेटोपॉजवरचे प्रवाह शेकड्यांत असतात, तेव्हा हे खपतं. शांत मॅग्नेटोशीथमध्ये ५ नॅनोअँपिअरचा प्रवाह सापडला असं म्हणाल, तर तो तुमच्या ऑफसेटचा, म्हणजे मापीतल्या स्थिर चुकीचा, प्रवाह आहे.

ऑफसेट तपासायला घटनेच्या जवळचा, क्षेत्र गुळगुळीत असलेला मिनिटभराचा तुकडा घ्या. तिथे चारही यानांत सारखंच दिसायला हवं. सरासरीतला स्थिर फरक म्हणजे ऑफसेट. फरकात २० सेकंदांची लाट दिसली तर ती यानाच्या स्वतःभोवती फिरण्याची. एमएमएस मिनिटाला तीन फेऱ्या घेतं. क्लस्टरची फेरी चार सेकंदांची, थेमिसची तीन.

कर्लबरोबर डायव्हर्जन्सही निघतो. तो निसर्गात शून्य असतो, म्हणून डायव्हर्जन्स भागिले कर्ल हे गुणोत्तर चुकीचं माप म्हणून सर्रास छापलं जातं. त्यावर फार विसंबू नका. ते फक्त सांगतं की क्षेत्र सरळ रेषेत बदलत नाही किंवा चतुष्फलक बिघडलं आहे. गुणोत्तर मोठं असेल तर उत्तर संशयास्पद, इतकं खरं. लहान असलं म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. कर्ल शून्याजवळ असताना तर गुणोत्तर आपोआप फुगतं, तेव्हा प्रवाह मोठा आहे तिथेच ते पाहा.

खरा ताळा कणांचा. प्रवाहघनता म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले घनता गुणिले आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वेगातला फरक. घनता १० आणि फरक १०० किलोमीटर प्रति सेकंद असेल तर १६० नॅनोअँपिअर. इलेक्ट्रॉनांचा डेटा आयनांच्या १५० मिलिसेकंदांवर सरासरी करून आणा. कर्लोमीटर चतुष्फलकाच्या केंद्रातला प्रवाह देतो, म्हणून कणांचा प्रवाहही चारही यानांची सरासरी घेऊनच तुलनेला ठेवा. एकट्या यानाशी तुलना करून लोक नाहक निराश होतात. इलेक्ट्रॉन वेगात २० किलोमीटर प्रति सेकंदाची चूक असेल तर घनता १० ला ३२ नॅनोअँपिअर बिघडतात. मॅग्नेटोस्फिअरच्या (पृथ्वीच्या चुंबकी आवरणाच्या) आत घनता फार कमी असते आणि तिथे कणांचे मोमेंट्स डळमळतात. तिथे मतभेद झाला तर चुंबकमापीच्या बाजूने राहा.

एक मोह टाळा. १२८ हर्ट्झच्या कर्लमध्ये गोंगाट दिसतो म्हणून सरासरीची खिडकी वाढवत नेली जाते आणि रचनाच पुसली जाते. खिडकी रचना ओलांडायच्या वेळेच्या एक दशांशाहून मोठी नको.

दिशा ठरवणाऱ्या पद्धती

किमान-विचरण पद्धत एका यानावरही चालते. निवडलेल्या काळात क्षेत्राचे घटक एकमेकांबरोबर कसे बदलतात त्याचं सहविचरण मॅट्रिक्स काढा. सर्वांत लहान आयगेन-मूल्याचा सदिश म्हणजे सीमेचा लंब. मधलं मूल्य भागिले लहान मूल्य हे १० च्या पुढे असेल तर भरवसा ठेवा. ३-४ वर आलं तर लंबाची दिशा जवळजवळ नाणेफेक. काळाची खिडकी दोन्ही बाजूंनी थोडी-थोडी बदलून लंब किती डोलतो ते पाहा. चारही यानांवर वेगवेगळी करून पाहा आणि टायमिंगच्या लंबाशी कोन काढा.

जास्तीत जास्त उताराची पद्धत, म्हणजे एमडीडी, चार यानांची आहे आणि आमच्या मते या सगळ्यांत सर्वांत उपयोगी. क्षेत्राच्या ग्रेडियंटचं मॅट्रिक्स आणि त्याचं परिवर्तित (ट्रान्सपोज) मॅट्रिक्स यांचा गुणाकार करा. आयगेन-मूल्यं दर क्षणाला मिळतात, खिडकी लागत नाही. एकच मूल्य मोठं तर रचना सपाट चादरीसारखी. दोन मोठी आणि एक नगण्य तर लांबुळकी, आणि त्या लहान मूल्याची दिशा म्हणजे अक्ष. तिन्ही सारखी तर त्रिमितीय. रचना ओलांडत असताना आकडे कसे बदलतात हेही दिसतं: फ्लक्स रोपच्या कडेला एकमितीय, आत द्विमितीय असं अनेकदा येतं. ग्रेडियंट असताना क्षेत्राच्या कालबदलावरून रचनेचा वेगही काढता येतो. मात्र अक्षाच्या दिशेचा वेग या पद्धतीने कळत नाही, तो छापू नका.

एमडीडी कॅलिब्रेशनला फार हळवी आहे. सर्वांत लहान आयगेन-मूल्याचं वर्गमूळ ऑफसेट भागिले यानांमधलं अंतर याच्याच पातळीवर असेल, तर अक्षाची ती दिशा गोंगाटाची दिशा आहे. डेटात मुद्दाम ०.१ नॅनोटेस्लाचे यादृच्छिक ऑफसेट टाकून शंभरदा गणित चालवा. अक्ष २० अंशांहून जास्त भटकला तर तो अहवालात लिहू नका.

फ्लक्स रोप म्हणायचं कधी

क्षेत्राचा सीमेच्या लंबाच्या दिशेचा घटक एका चिन्हावरून दुसऱ्यावर गेला आणि मध्ये एकूण क्षेत्र वाढलं की लोक लगेच फ्लक्स रोप म्हणतात. एवढ्यावर भागत नाही. सीमेवरची साधी लाटही असाच आलेख देते.

तीन गोष्टी पाहा. चारही यानांवर चिन्हबदल टायमिंगशी जुळणाऱ्या क्रमाने यायला हवा. एमडीडीने आतला भाग द्विमितीय दाखवायला हवा आणि क्षेत्राचा गाभा त्या अक्षाच्या जवळपास. शिवाय प्रवाह क्षेत्राला समांतर आहे की लंब, ते कर्लोमीटरवरून काढा. मुख्यत्वे समांतर असेल तर रचना बलमुक्त (प्रवाहावर चुंबकी बल नसलेली) असल्याचं मानता येतं. लंब प्रवाह मोठा असेल तर दाबाचा ग्रेडियंट शोधा: चुंबकीय दाब नॅनोपास्कलमध्ये म्हणजे नॅनोटेस्लाचा वर्ग भागिले २५१३. ४० नॅनोटेस्लाला ०.६४. कणांचा दाब घनता १० आणि तापमान ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टला ०.४८. रोपच्या गाभ्यात चुंबकीय दाब वाढला असेल आणि कणांचा दाब त्या प्रमाणात घटला नसेल, तर एकूण दाब मध्ये चढा दिसतो. ही जास्तीची ढकल क्षेत्ररेषांचा वक्रताण आवरतो का, ते ग्रेडियंटवरून वक्रता काढून तपासता येतं.

आकार सांगताना घाई नको. यान रोपच्या मधून गेलं की कडेने, हे ठाऊक नसताना ओलांडायचा वेळ गुणिले वेग हा व्यास ठरत नाही. ती फक्त किमान मर्यादा आहे. अक्षाभोवती चारही यानांचा मार्ग रेखाटा. वक्रतेचे सदिश ज्या बिंदूकडे वळतात तिथे गाभा.

जमिनीवरच्या नोंदींशी सांगड

भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपुरात आहे. प्रकल्पात स्थानिक डेटा जोडावा असं मार्गदर्शकांना वाटतं, आणि ते योग्यही आहे, पण कशाशी काय जोडायचं ते ठरलेलं असावं. सौरवाऱ्याचा दाब अचानक वाढून मॅग्नेटोपॉज दबला तर कमी अक्षांशांवर आडव्या घटकात अचानक उडी दिसते, आणि नागपूर त्यासाठी चांगली जागा आहे. वर एमएमएस मॅग्नेटोपॉजजवळ असताना तशी उडी मिळाली, तर सीमा आत का सरकली याचा स्वतंत्र पुरावा हाती येतो. त्याआधी आदित्य-एल१ किंवा नासाच्या विंड यानाच्या नोंदीत दाब वाढलेला आहे का तेही पाहा. सौरवारा ४०० किलोमीटर प्रति सेकंदाने वाहत असेल तर १५ लाख किलोमीटर यायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा फरक वजा करूनच वेळा जुळवा.

शंभर-दोनशे किलोमीटरचा फ्लक्स रोप मात्र नागपूरच्या चुंबकमापीत शोधू नका. इथलं जमिनीवरचं क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे आणि दिवसा आयनोस्फिअरमधले प्रवाह त्यात दहा-वीस नॅनोटेस्लांची हालचाल करतच असतात. मॅग्नेटोपॉजवरच्या एवढ्याशा रचनेचा ठसा त्यात उमटत नाही. एखादा खड्डा वेळेशी जुळलेला दिसला तर आधी शेजारच्या दिवसांचे त्याच वेळेचे आलेख काढून बघा. बहुतेकदा तोच खड्डा तिथेही असतो.